झाकण काढलेली नदी



डेन्मार्क म्हटले की आपल्याकडच्या सहली कोपनहेगनला थांबतात. जलपरीचा पुतळा, टिवोलीची बाग, कालव्यातली नौका, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या देशाचे विमान. कोपनहेगन सुंदरच आहे. पण आज मी तुम्हाला तिथून रेल्वेने साधारण तीन तासांवर, युटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर नेणार आहे. शहराचे नाव ऑर्हूस. तिथली माणसे ते उच्चारतात तेव्हा मधला ‘र’ जवळजवळ ऐकूच येत नाही. डेन्मार्कमधले हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर, आणि पालिकेच्या हद्दीतली वस्ती साडेतीन लाखांहून थोडी अधिक. पवनचक्क्यांसाठी जगभर ठाऊक असलेल्या वेस्टास कंपनीचे मुख्यालय याच गावात आहे.

आमची लेक तिथे नोकरी करते, त्यामुळे मी आणि माझी पत्नी तीन उन्हाळे त्या गावात राहून आलो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. नव्या गावात पाऊल ठेवले की इथले पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे मी आधी बघतो. ऑर्हूसलाही तेच केले, आणि गावच उलगडत गेले. म्हणून आजची आपली सहल पाण्याच्या कडेकडेने होईल. पायी किंवा सायकलवर.

या गावाचे जुने नाव ‘आरोस’, म्हणजे नदीचे मुख. आठव्या शतकात व्हायकिंग लोकांनी नदी समुद्राला मिळते त्या जागी वस्ती केली आणि नावही तेच ठेवले. नदीला तिथे नुसते ‘ओ’ म्हणतात. डॅनिशमध्ये नदीला तेवढाच एक स्वर आहे.

सुरुवात गावाच्या पश्चिमेला, ब्राब्रांड सरोवरापासून करावी. सरोवराला वळसा घालणारी वाट सुमारे दहा किलोमीटर आहे आणि ती जवळजवळ सपाट आहे. बोरूसारख्या वेताची दाट बेटे, त्यांत बगळे आणि बदके, मधूनच पक्षी बघायला उभारलेला लाकडी मचाण. सायकल भाड्याने मिळते. पण एका दिवशी तरी पायीच जा. उन्हाळ्यात सूर्य मावळतो तो रात्री दहा वाजून गेल्यावर, त्यामुळे संध्याकाळचे जेवण आटोपून निघालात तरी चालते.

या सरोवराच्या वरच्या अंगाला दुसरे एक पाणी दिसते, ऑर्स्लेव्ह एंगसो. नकाशात ते निसर्गाने केलेल्या तळ्यासारखेच वाटते, पण २००३ पर्यंत तिथे शेती होती. पाणी उपसून उपसून कोरडी ठेवलेली सखल जमीन. शेतांतल्या खताचा नायट्रोजन नदीवाटे समुद्रात जात होता, खाडीत शेवाळ माजत होते, आणि शेवाळ कुजले की तळाचा प्राणवायू संपून मासे मरत होते. तेव्हा पंप बंद केले आणि जमीन पुन्हा पाण्याखाली जाऊ दिली. पाणी तिथे रेंगाळते, तळाच्या गाळातले जीवाणू त्यातला नायट्रोजन हवेत सोडतात, आणि मग ते पाणी पुढे सरकते. पाणी अडवणे ही माझ्या आयुष्यभराची विद्या. शेतातून हटवलेले पाणी परत बोलावून त्याच्याकडून काम करून घेताना मी पहिल्यांदा पाहिले, आणि त्या बांधावर बराच वेळ उभा राहिलो.

सरोवरातून निघालेली नदी गावात शिरते. डाव्या हाताला थोडे चढून गेलात की वनस्पतिउद्यान लागते आणि त्याच्या कुशीत ‘डेन गाम्ले बी’, म्हणजे जुने गाव. इथे तिकीट आहे. पूर्ण दिवस राखून ठेवावा असे हे ठिकाण. १५९७ साली बांधलेला एक लाकडी चौकटीचा वाडा पाडायचे घाटत होते. पीटर होल्म नावाच्या गृहस्थांनी तो वाचवला, आणि १९१४ मध्ये त्याच वाड्यापासून हे संग्रहालय सुरू झाले. पुढे देशभरातली जुनी घरे एकेक सुटी करून इथे आणून जोडली. आज पंचाहत्तरच्या आसपास घरे आहेत. एका गल्लीत परीकथाकार अँडरसनच्या काळाचे डेन्मार्क, दुसरीत १९२७ सालचे, तिसरीत १९७४ सालचे. त्या तिसऱ्या गल्लीत आमच्या पिढीचे पाय अडखळतात, कारण तिथला रेडिओ आणि फोन आपण वापरलेले असतात.

पण मला सर्वांत जास्त आवडली ती इथली एक खोली, जी सहज म्हणून पाहायला मिळत नाही. १९५० च्या दशकातल्या घरासारखी ती मांडली आहे आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी राखली आहे. त्यांना तिथे आणतात, जुन्या भांड्यात कॉफी करतात, जुन्या खुर्चीवर बसवतात. आजचा वार आठवत नाही अशा माणसाच्या हाताला त्या काळची कॉफी दळायची चक्की मात्र ओळखू येते, आणि बोलणे सुरू होते. संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे हात लावायलाच बोलावतात.

आता परत नदीवर येऊ.

१९३० च्या दशकात मोटारी वाढल्या, बंदराकडे जाणारा रुंद रस्ता हवा झाला, आणि गावाच्या मधोमध वाहणारी नदी काँक्रीटने झाकून टाकण्यात आली. वर रस्ता, खाली अंधारात पाणी. ज्या नदीमुळे गाव जन्माला आले ती नकाशावरून जवळपास पुसली गेली. दोन पिढ्यांना नदी रस्त्याखालून जाते एवढेच ऐकून माहीत होते. मग १९८९ मध्ये शहराने झाकण काढायचा निर्णय घेतला. काम टप्प्याटप्प्याने झाले. १९९० च्या दशकात मधला भाग उघडला आणि बंदराजवळचा शेवटचा तुकडा २०१५ च्या सुमारास. म्हणजे पंचवीस वर्षे. या काळात किती निवडणुका झाल्या असतील, किती नगरसेवक बदलले असतील! काम मात्र त्याच दिशेने पुढे जात राहिले.

आज तिथे दोन्ही काठांवर पायऱ्या आहेत, कॉफीची दुकाने आहेत, आणि मे महिन्यात ऊन पडले की पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही. एका जागेचे नाव ‘वाडेस्टेडेट’. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, उतार: नदी चालत ओलांडायची जागा. व्हायकिंगांच्या काळी माणसे इथूनच पाण्यात पाय घालून पलीकडे जात. रस्ता वर असताना इथे ओलांडायला पाणीच दिसत नव्हते. झाकण निघाले आणि नावाला पाणी मिळाले.

केवळ झाकण काढून भागत नाही, हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. जुन्या युरोपीय गावांत सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून जाते. मोठा पाऊस झाला की नळाला ते पेलवत नाही आणि जादा पाणी, घाणीसकट, नदीत सुटते. ऑर्हूसने जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्या. पावसाचा लोंढा आधी तिथे थांबतो आणि नंतर सवडीने शुद्धीकरण केंद्राकडे जातो. समुद्राला उधाण आले तर पाणी उलटे गावात शिरू नये म्हणून नदीच्या मुखाशी दरवाजे आणि पंप बसवले आहेत. पर्यटकाला यातले काही दिसत नाही, पण तो काठावर नाक न दाबता बसू शकतो तो याच्याच जिवावर. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. पर्यावरणाची माहिती मिळवण्याचा आणि त्याबाबतच्या निर्णयात भाग घेण्याचा नागरिकांचा हक्क सांगणारा आंतरराष्ट्रीय करार २५ जून १९९८ रोजी याच शहरात झाला. तो ‘ऑर्हूस करार’ म्हणूनच ओळखला जातो. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकारासाठी आंदोलने चालू होती, तोच हा काळ.

नदीपासून चार पावलांवर ‘आरोस’ हे कलासंग्रहालय आहे. गावाचे जुने नाव त्याने घेतले आहे. त्याच्या गच्चीवर ओलाफुर एलियासन या कलावंताने २०११ मध्ये रंगीत काचेचा गोल मार्ग उभारला, दीडशे मीटर लांबीचा. एकेका रंगातून चालत फेरी पूर्ण करायची. छायाचित्रे सगळे तिथलीच काढतात, म्हणून अधिक बोलत नाही.

नदी जिथे संपते तिथे ‘डॉक्क-वन’ हे सार्वजनिक ग्रंथालय आहे. ते २०१५ च्या जून महिन्यात उघडले. तिकीट नाही, ओळखपत्र नाही. आत पुस्तके आहेत, मुलांना खेळायला जागा आहे, खिडकीतून बंदर दिसते. पाऊस लागला की आम्ही तिथे जाऊन बसायचो, आणि तिकडे पाऊस वारंवार लागतो. मधल्या जिन्यावर एक प्रचंड नळीसारखी घंटा टांगली आहे. वजन तीन टन. कीर्स्टीन रोपस्टॉर्फ या कलावतीची ही कृती. शहराच्या रुग्णालयात बाळ जन्मले की आईबाप तिथले एक बटण दाबतात आणि इकडे ग्रंथालयात घंटा वाजते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी वर्तमानपत्र चाळत होतो. तो खोल, लांबत जाणारा नाद पायाखालच्या फरशीतून अंगात आला. आजूबाजूची माणसे क्षणभर मान वर करून हसली आणि पुन्हा वाचू लागली. त्या दुपारी ती आणखी दोनदा वाजली. माझ्या पत्नीने दोन्ही वेळा हात जोडले.

इथून पुढे समुद्र. बंदराच्या जुन्या धक्क्यांवर आता उंच घरे झाली आहेत, आणि त्यांच्या पायाशी २०१८ पासून समुद्रातच पोहण्याचे तलाव आहेत. लाकडी तराफ्यांनी आखलेले, एक पन्नास मीटरचा, एक सूर मारण्यासाठी गोल, एक लहान मुलांसाठी. प्रवेश फुकट. उन्हाळ्यात जीवरक्षक असतात. पाणी पोहण्याजोगे आहे की नाही याचा अंदाज रोज जाहीर होतो. मोठ्या पावसानंतर ते टाळायला सांगतात, आणि का, हे तुम्हाला आता माहीत आहे. पाणी मात्र थंड. जुलैतही सतरा-अठरा अंशांच्या पुढे फारसे जात नाही. जानेवारीत उतरणारे लोकही तिथे आहेत, आणि त्यांत सत्तरी उलटलेल्या बायका मी छायाचित्रांत पाहिल्या आहेत. गावाच्या उत्तरेला रीस स्कोव्ह नावाचे जंगल आहे, १३९५ साली राणी मार्गरेट हिने शहराला दिलेले. त्याच्या पायथ्याशी १९३३ पासूनचे स्नानगृह आहे. ज्यांना गर्दी नको त्यांनी तिकडे जावे.

दक्षिणेचा किनारा माझा सर्वांत आवडता. बीच वृक्षांचे जंगल थेट वाळूपर्यंत उतरते. बीचला पालवी फुटते मे महिन्याच्या सुरुवातीला, आणि ती हिरवाई इतकी कोवळी असते की झाडाखाली उभ्या माणसाचा चेहरासुद्धा हिरवट दिसतो. या वाटेवर राजघराण्याचा मार्सेलिसबोर्ग वाडा आहे. कुटुंब तिथे नसेल तेव्हा बाग सर्वांना खुली. पुढे हरणांचे कुंपण घातलेले रान लागते. तिथे जाताना गाजरे आणि सफरचंदे न्यावीत. पाव देऊ नये, हरणांची पोटे बिघडतात.

मग किनाऱ्यावर ‘अनंत पूल’ दिसतो. साठ मीटर व्यासाचे लाकडी कडे, निम्मे वाळूवर आणि निम्मे पाण्यावर. २०१५ मधल्या शिल्पप्रदर्शनासाठी दोन स्थानिक वास्तुकारांनी तो केला, आणि लोकांनी तो जाऊ दिला नाही. पूर्वी इथे आगबोटींचा धक्का होता. आपल्या कोकणात असे कडे उभे करता येणार नाही, भरतीच त्याला गिळेल. ऑर्हूसच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो, म्हणून ते पाण्यालगत टिकते. हिवाळ्यापूर्वी त्याचे तुकडे सोडवून ठेवतात, वसंतात पुन्हा जोडतात. त्यावर चालताना एकदा समोर जंगल येते, एकदा समुद्र, आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस पुन्हा भेटतो.

शेवटचा मुक्काम मोसगोर्ड. २०१४ मध्ये उघडलेली या संग्रहालयाची इमारत जमिनीतून तिरकी वर आल्यासारखी आहे, आणि छपरावर गवत. लोक छपरावर चढून डबा खातात, बर्फ पडला की मुले घसरगुंडी खेळतात. आत ‘ग्राउबल्ल मानव’ निजला आहे. १९५२ च्या एप्रिलमध्ये दलदलीतली जळाऊ शेवाळमाती खणणाऱ्या मजुरांना तो सापडला. सव्वादोन हजार वर्षांहून अधिक जुना, गळा कापलेला. दलदलीत प्राणवायू नसतो आणि तिथले शेवाळ आम्ल सोडते. त्यामुळे कातडे कमावल्यासारखी त्याची त्वचा टिकली. नखे आहेत, केस आहेत. पोलिसांनी त्याच्या बोटांचे ठसे घेतले तेव्हा ते स्पष्ट उमटले. त्याचा अभ्यास करणारे पी. व्ही. ग्लोब पुढे बहारीनला उत्खननासाठी गेले, आणि त्या मोहिमेला तिथे सिंधू संस्कृतीच्या मापाची दगडी वजने सापडली. या आडबाजूच्या संग्रहालयातली माणसे आपल्या इतिहासाच्या दारापर्यंत अशी येऊन गेली आहेत.

संग्रहालयाच्या मागून एक पायवाट जंगलातून समुद्राकडे उतरते. वाटेत पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत, एक जुनी पाणचक्की आहे. गिबर नावाचा ओढा वाटेच्या सोबतीने येतो. तास-दीड तासात झाडी संपते आणि वाळू लागते. तिथे तो ओढा समुद्राला मिळतो. पूल बाजूला आहे, पण पाणी घोट्याएवढेच. आम्ही दोघांनी चपला हातात घेतल्या आणि तो ओलांडून पलीकडे गेलो.