विसराळू मुलें आणि व्यवस्थितपणाचें शिक्षण

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. शाळेची बस कोपऱ्यावर येण्यास दहाच मिनिटें उरलीं आहेत, आणि एका बुटाचा पत्ता नाहीं. दप्तर पलंगाखालीं, कंपासपेटी खिडकींत, आणि गणिताची वही कोठें आहे तें देवालाच ठाऊक. आई शोधते आहे, आजी शोधते आहे, आजोबा ‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ असें पुटपुटत आहेत. आणि ज्याचें हें सर्व सामान, ते आठ वर्षांचे गृहस्थ एक बूट हातांत घेऊन बाहेरच्या खारीकडे तन्मयतेनें पाहत उभे आहेत! असा देखावा ज्या घरीं रोज घडत असेल, त्या घराकरितां माझे आजचे चार शब्द आहेत.

अशा मुलाला आपण वेंधळा म्हणतों, धांदरट म्हणतों, बेफिकीर म्हणतों. मीही म्हणत असें. प्राथमिक शाळेंत मीं छत्तीस वर्षें शिकविलें. त्यांतील निम्मीं वर्षें तरी माझी अशी ठाम समजूत होती कीं, व्यवस्थितपणा हा स्वभावाचा गुण आहे. असला तर असतो, आणि नसला तर शिक्षेनें आणावा लागतो. ही समजूत एका मुलानें खोटी पाडली. त्याची हकीकत आधीं सांगितली पाहिजे, कारण तींत दोष माझा आहे.

हा मुलगा चौथींत होता. तोंडी हिशेबांत पुढें, गोष्ट ऐकतांना डोळे चमकणारा. परंतु गृहपाठ म्हणून कधीं दाखवावयाचा नाहीं. विचारलें कीं ‘केलाय, गुरुजी’ म्हणे, आणि दप्तर उपसूं लागे. त्या दप्तरांतून भोंवरा निघे, चिंचोके निघत, मागल्या महिन्याची सूचना निघे. गृहपाठ तेवढा निघत नसे. सगळा वर्ग हंसे. मी त्याच्या वहींत ‘गृहपाठ अपूर्ण’ असा शेरा मारीं व त्याला दाराबाहेर उभा करीं. वर्षभर हा क्रम चालला. वार्षिक निकाल लागल्यावर त्याची आई आली आणि तिनें माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. तींत चुरगळलेले तीस-बत्तीस कागद होते. कांहीं कपाटामागें सांपडलेले, कांहीं रद्दींत, कांहीं जुन्या दप्तराच्या तळाशीं. बहुतेक उदाहरणें बरोबर होतीं. ती माउली म्हणाली, “गुरुजी, ह्यानें केलें होतें. माझ्यासमोर बसून केलें होतें. द्यायचें तेवढें राहिलें.”

त्या रात्रीं मीं ते सर्व कागद तपासले व प्रत्येकावर गुण दिले. पण प्रगतिपुस्तकें तेव्हां घरोघर गेलेलीं होतीं. वर्षभर आपण ह्या मुलाच्या गणिताची परीक्षा घेतली असें मला वाटत होतें. वस्तुतः मीं परीक्षा घेतली होती ती कागद जपून ठेवण्याची, वेळेवर काढण्याची व योग्य जागीं देण्याची. आणि हा विषय मीं त्याला एक दिवसही शिकविला नव्हता.

श्रोतेहो, हा विषय शिकवावा लागतो, आणि तो शिकवितां येतो, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

ज्यांचें लक्ष एका जागीं ठरत नाहीं अशांकडे वैद्यांची दृष्टि जाऊन दोन शतकें लोटलीं. स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनीं १७९८ सालच्या आपल्या ग्रंथांत अवधान न टिकण्याच्या विकाराचें वर्णन केलें. १९०२ सालीं लंडन येथें बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनीं आपल्या व्याख्यानांतून, बुद्धि शाबूत असूनही स्वतःला आवरूं न शकणाऱ्या मुलांची हकीकत मांडली. १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें ह्या अवस्थेस अवधानाच्या उणिवेचें नांव दिलें आणि १९८७ सालीं त्या नांवास अतिचंचलतेची जोड मिळाली. आजचे डॉक्टर ‘एडीएचडी’ म्हणतात ती हीच अवस्था. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २००७ सालीं काढलेला अंदाज असा कीं, शेंकडा सुमारें पांच मुलांत ती आढळते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गांत अशीं दोन मुलें बसलेलीं असावयाचीं.

त्याच वर्षीं अमेरिकेंतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं अशा मुलांच्या व इतर मुलांच्या मेंदूचीं चित्रें ताडून पाहिलीं. मेंदूच्या बाह्य थराच्या निम्म्या भागाची जाडी इतर मुलांत साधारणपणें साडेसातव्या वर्षापर्यंत शिगेला पोहोंचलेली असते. ह्या मुलांत तोच टप्पा साडेदहाव्या वर्षाच्या सुमारास येतो. वाढीचा क्रम बहुतांशीं तोच, फक्त उशीर तीन वर्षांचा. आणि हा उशीर, लक्ष व बेत सांभाळणाऱ्या पुढील भागांत विशेष दिसतो. हे आंकडे सरासरीचे आहेत, एका मुलाला लावावयाचे नव्हेत. तरी त्यांतून एक बोध घ्यावा: ज्या मुलाची वाढ उशिरां होते आहे, त्याच्यावर वांकडेपणाचा आरोप करूं नये.

आतां अशा मुलाची खरी अडचण कोठें असते? ‘वही दप्तरांत ठेवावी’ हें त्याला ठाऊक असतें. विचारा, तें घडाघडा सांगेल. परंतु वही हातांत असतांना, त्या क्षणीं, तें ज्ञान त्याच्या मदतीस धांवत नाहीं. दोन-तीन गोष्टी मनांत धरून ठेवून हातचें काम तडीस नेण्याची जी शक्ति, ती त्याच्याजवळ अपुरी असते. म्हणून सकाळचा उपदेश संध्याकाळीं उपयोगी पडत नाहीं. जें डोक्यांत टिकत नाहीं, तें डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर व हाताशीं मांडून ठेवावें लागतें.

ह्यांत मुलाला कमीपणा मुळींच नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांतील मिसळणाचा डबा पाहा. मोहरी, हळद, जिरें ह्यांच्या वाट्या ठरलेल्या असतात, म्हणून फोडणीच्या घाईंतही गृहिणीचा हात चुकत नाहीं. मुंबईचे डबेवाले पाहा. १८९० सालापासून चालत आलेल्या ह्या व्यवसायांत एकच डबा वाटेंत कित्येक हात बदलतो. परंतु कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतींत न्यायचा, हें झांकणावरील रंग, अंक व अक्षरें सांगतात. एवढे कसलेले लोक जर स्मरणावर विसंबत नाहींत, तर आठ वर्षांच्या पोरानें कां विसंबावें?

हें शिक्षण पद्धतशीर देऊन पाहण्याचा एक प्रयोग अमेरिकेंत हॉवर्ड ॲबिकॉफ, रिचर्ड गॅलघर व त्यांचे सहकारी यांनीं केला. त्याचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तिसरी ते पांचवींतील १५८ मुलें त्यांत होतीं. एका गटास आठवड्यांतून दोन याप्रमाणें वीस पाठांत व्यवस्थितपणाचीं कौशल्यें प्रत्यक्ष शिकविण्यांत आलीं. दुसऱ्या गटांत पालक व शिक्षक यांना, काम नीट पार पडलें कीं बक्षीस देण्याची रीत शिकविली. तिसरा गट तूर्त तसाच ठेवला. पहिल्या दोन्ही गटांची प्रगति तिसऱ्याहून स्पष्टपणें अधिक दिसली, आणि पुढील शालेय वर्षांतही तिचा बराच भाग टिकला. ह्या पाठांतील एक युक्ति मला फार आवडली. मुलाला सांगतात कीं, डोक्यांत कांहीं खट्याळ भुतें असतात: एक ‘विसरून जा’ म्हणतें, एक ‘हरवून टाक’ म्हणतें, एक वेळ चोरतें, आणि एक बेत आखूं देत नाहीं. मग मूल व मोठीं माणसें एका बाजूस होऊन त्या भुतांना फसविण्याच्या खटपटीस लागतात. दोष वेगळा, मूल वेगळें. माझ्या चौथींतील मुलाच्या वाट्यास मात्र वर्षभर दोषही तोच आणि मूलही तेंच, असा न्याय आला होता.

हीं चार भुतें म्हणजेच आपले चार धडे. आपल्या घरीं ते कसे द्यावे, हें आतां थोडक्यांत सांगतों.

पहिला धडा, टिपून घेण्याचा. गृहपाठाकरितां एकच छोटी वही असावी. शिक्षकांनीं घंटा वाजतांना गृहपाठ सांगूं नये. पांच मिनिटें आधीं फळ्यावर लिहावा व ह्या मुलाची वही पाहून सही करावी. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं गृहपाठ आईच्या मोबाइलवर येतो. सोय खरी, पण मग तो टिपण्याची, लक्षांत ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वीं आईची होते आणि मूल कोरडें राहतें. मोबाइल पडताळ्यापुरता ठेवावा. आधीं वही, मग मोबाइल.

दुसरा धडा, वस्तूंचा. दोन कप्प्यांची एकच फाइल घ्यावी. एका कप्प्यावर ‘शाळेंत द्यायचें’ व दुसऱ्यावर ‘घरीं दाखवायचें’ अशा दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावाव्या. लिहून संपलेला कागद फाइलींत आणि फाइल दप्तरांत गेल्यावांचून गृहपाठ ‘झाला’ असें म्हणूं नये. दाराजवळ दप्तराची खुंटी व बुटांची जागा ठरवावी. दप्तर सकाळीं भरूं नये. पूर्वी घरोघर दिवेलागणीला परवचा होत असे. त्याची आठवण कोणी करून देत नसे, दिवा लागला कीं मुलें बसत. तसें दप्तर भरणें जेवणाच्या आधीं, रोज त्याच वेळीं व्हावें. वह्या, कंपासपेटी, डबा, बाटली यांचीं चित्रें काढून भिंतीवर लावावीं; मुलानें एकेका चित्रावर बोट ठेवावें व ती वस्तू दाखवावी. डबा सकाळीं भरला जाणार, म्हणून त्याचें चित्र दाराशीं वेगळें लावावें.

तिसरा धडा, वेळेचा. ‘अर्धा तास अभ्यास कर’ ह्या वाक्याचा ह्या मुलांना कांहींच अर्थ लागत नाहीं, कारण अर्धा तास त्यांना दिसत नाहीं. कांट्यांचें घड्याळ समोर ठेवावें. काम सुरू करण्यापूर्वी ‘किती मिनिटें लागतील?’ असें विचारून उत्तर लिहावें. संपल्यावर खरी मिनिटें त्याशेजारीं लिहावीं. प्रथम दोन आंकड्यांत मोठें अंतर पडेल. त्यावरून हंसूं नये. हा खेळ महिनाभर चालला कीं अंतर कमी होऊं लागतें. काम दहा-दहा मिनिटांचें करावें. मध्यें उठून एक चक्कर मारूं द्यावी.

चौथा धडा, बेत आखण्याचा. शुक्रवारीं महाराष्ट्राचा नकाशा द्यावयाचा आहे, असें समजा. गुरुवारीं रात्रीं नऊ वाजतां पुठ्ठ्यासाठीं दुकान धुंडाळणारे वडील आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत! सोमवारींच मुलाजवळ बसून विचारावें: काय काय लागेल? आधीं काय, मग काय? तें मुलानेंच पंचांगाच्या किंवा दिनदर्शिकेच्या चौकोनांत लिहावें: सोमवारीं पुठ्ठा, मंगळवारीं रेखाटन, बुधवारीं रंग, गुरुवारीं तपासणी.

चारही धडे एकदम सुरू करूं नयेत. एक धडा दोन-तीन आठवडे चालूं द्यावा. प्रथम आपण करून दाखवावें, मग दोघांनीं मिळून करावें, मग त्यानें करावें व आपण दुरून पाहावें. नीट झालें कीं तेथल्या तेथें शाबासकी द्यावी. महिन्याच्या शेवटीं मिळणाऱ्या सायकलीपेक्षां त्या घटकेची शाबासकी ह्या मुलांना अधिक उमगते. मधूनच सर्व विस्कटेल. तेव्हां ‘शिकविलेलें वायां गेलें’ असें न म्हणतां एक पायरी खालीं येऊन पुन्हां सुरुवात करावी. कांहीं आया प्रेमापोटीं रोज स्वतःच दप्तर भरतात, कांहीं वडील रागानें त्याला तसाच पाठवितात. ह्या दोन्ही रीतींनीं मूल न शिकलेलेंच राहतें.

एक इशारा मात्र देतों. प्रत्येक विसराळू मूल ह्या अवस्थेचें नसतें. कमी दिसणें, कमी ऐकूं येणें, झोंप अपुरी होणें, घरांतील कलह, ह्यांनींही लक्ष उडतें. लक्षणें बारा वर्षांच्या आंत सुरू झालीं आहेत काय, घरीं व शाळेंत दोन्हीकडे दिसतात काय, सहा महिन्यांहून अधिक टिकलीं आहेत काय, हें सर्व डॉक्टर पाहतात. निदान त्यांनींच करावें. शेजाऱ्यांनीं नव्हे आणि शिक्षकांनींही नव्हे. मुलीं‍विषयीं अधिक जागरूक राहावें, कारण गडबड न करतां स्वप्नांत हरवलेली मुलगी कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. औषधाचा निर्णयही डॉक्टरांचाच. औषधानें लक्ष अधिक वेळ ठरूं शकेल. पण दप्तर भरण्याची रीत शिकविणारें औषध निघालेलें नाहीं.

पुढच्या वर्षीं मीं वर्गाच्या दाराशीं एक पेटी ठेवली. आंत येणाऱ्यानें जागेवर बसण्यापूर्वीं गृहपाठ तींत टाकावयाचा, एवढाच नियम केला. अशीच एक अबोल, विसराळू मुलगी त्या वर्गांत होती. पहिल्या आठवड्यांत तिचा कागद दोनदां पेटींत पडला. दिवाळीनंतर बहुतेक दिवशीं पडूं लागला. वर्ष संपतांनाही एखादा दिवस चुके. परंतु दाराबाहेर ती कधीं उभी राहिली नाहीं. त्या पहिल्या मुलास हें सांगावें असें फार वाटे. पण वडिलांच्या बदलीमुळें तें कुटुंब उन्हाळ्यांतच गांव सोडून गेलें होतें. कागदांची ती पिशवी माझ्यापाशींच राहिली.

तेव्हां श्रोतेहो, उद्यां सकाळीं बूट सांपडला नाहीं, तर ‘कितीदां सांगितलें!’ असें म्हणण्यापूर्वी ‘मीं ह्याला शिकविलें कितीदां?’ असें एकवार मनाशीं विचारावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.