माल्टात आधी वारा विचारावा



तारकर्लीला किंवा मालवणला पाण्याखाली जाऊन आलेली पुष्कळ मंडळी पुढे परदेशी स्कूबा डायव्हिंगचे बेत करतात. भूमध्य समुद्राचा विषय निघाला की माल्टाचं नाव येतंच, आणि ते रास्तही आहे. या बेटांवर बारमाही वाहणारी एकही नदी नाही, म्हणून समुद्रात गाळ फारसा येत नाही. चांगल्या दिवशी तीस मीटरवरचा खडक स्पष्ट दिसतो.

पण आपण जागा निवडतो ती फोटो बघून. माल्टात तसं चालत नाही. तिथे वारा बघावा लागतो. वायव्येकडून येणारा मयिस्त्राल हा तिथला नेहमीचा वारा. तो जोरात असला, की गोझो बेटाच्या पश्चिम टोकाला, द्वेरा इथे लाटा खडकांवर आपटतात आणि प्रसिद्ध ‘ब्लू होल’चा नाद सोडावा लागतो. त्याच सकाळी गोझोच्या दक्षिणेला, शात्त लाहमारच्या खाडीत पाणी निवांत असू शकतं. तिथे कारवेला आणि कोमिनोलँड या दोन जुन्या प्रवासी बोटी 2006 मध्ये डायव्हरांसाठी मुद्दाम बुडवल्या आहेत. ग्रिगाल म्हणजे ईशान्येचा वारा सुटला, तर द्वेराचा किनारा आडोशाला येतो. बेटं इतकी लहान आहेत, की अर्ध्या-पाऊण तासात बाजू बदलता येते. म्हणून ‘मंगळवारी ब्लू होल, बुधवारी अमुक’ असं महिनाभर आधी लिहून देणाऱ्या केंद्रापेक्षा ‘सकाळी वारा बघून सांगतो’ म्हणणारं केंद्र मला जास्त भरवशाचं वाटतं.

ब्लू होल मात्र जमलं तर बघाच. खडकात दहाएक मीटर रुंदीची नैसर्गिक विहीर आहे. तिच्यात उतरलं, की सात-आठ मीटरवर एक कमान लागते आणि तिच्यातून थेट मोकळ्या समुद्रात जाता येतं. आतून बघताना त्या कमानीत जी निळाई भरलेली असते, ती कॅमेऱ्यात येत नाही. शेजारीच ‘अझ्युअर विंडो’ ही दगडी कमान होती. 8 मार्च 2017 रोजी वादळात ती कोसळली. तिचे अजस्र दगड आता पाण्याखाली आहेत आणि त्यांच्या कपारींत मासे वस्तीला आलेत. इथवर पोचायला मात्र पाठीवर सिलिंडर घेऊन खडबडीत खडकांवरून चालावं लागतं. भूमध्य समुद्र जास्त खारट, म्हणून कमरेला शिसंही थोडं जास्त लागतं. गुडघे दुखत असतील तर तसं आधीच सांगा आणि बोटीवरून डाईव्ह मागा.

आता केंद्राविषयी. माल्टाच्या पर्यटन प्राधिकरणाचा परवाना हवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. ते तुम्हाला काय विचारतात, तिकडे लक्ष द्या. प्रमाणपत्र कोणतं, शेवटची डाईव्ह कधी, तब्येत कशी, हे न विचारता पैसे घेणाऱ्याकडून उठून यावं. तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेल्या डाईव्हमुळे प्रमाणपत्र मिळालेलं नसतं, हेही मोकळेपणाने सांगा. मग साहित्याच्या खोलीत जा. सिलिंडरच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते, ती वाचा. तोंडात धरायचं रबर चावून फाटलंय का, झडपेवरची ओ-रिंग चिरली आहे का, ते बघा. केंद्राच्या गाडीत संकटकाळासाठी ऑक्सिजन आहे का आणि एका गाइडमागे किती जण, हे दोन प्रश्न न लाजता विचारा. चारच्या वर आकडा गेला, तर मी दुसरं केंद्र शोधते.

‘उम एल फारूद’ या तेलवाहू जहाजाबाबत माझा विशेष आग्रह आहे. 1995 मध्ये गोदीत त्याच्यावर स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. 1998 मध्ये ते विएद इझ-झुरिएजवळ बुडवलं. तळ साधारण 36 मीटरवर आहे. ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटर, आणि या जहाजाचा डेकच त्याहून खाली. ‘चला हो, काही होत नाही’ असं कोणी म्हणालं, तर नाही म्हणा. त्या कामगारांची स्मृती जिथे आहे, तिथे शिक्षण आणि सराव पुरा करूनच जावं.

पाण्याचं तापमान फेब्रुवारी-मार्चमध्ये 15 अंशांच्या आसपास, तर ऑगस्टमध्ये 26च्या घरात असतं. आपल्याला जून ते ऑक्टोबर सोसतं, तरी पाच मिलिमीटरचा वेटसूट घ्याच. आणि सलग काही दिवस डाईव्ह केल्यावर विमानापूर्वी निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून शेवटचा दिवस राजधानी व्हॅलेटासाठी ठेवा. तिथल्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्जोचं 1608 सालचं भव्य चित्र आहे. ते बघायला निवांत वेळ लागतो.