जुनी लिक, नवी जागा

ब्लूज गिटार वाजवणाऱ्यांना रोज नवी लिक, म्हणजे छोटी सुरावट हवी असते. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगचं भांडार मात्र मोजकंच होतं. १९६७चा त्याचा ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ हा अल्बम ऐका. ओळखीचे तुकडे परत येतात, पण तार कधी पाव स्वर ताणलेली, कधी पुरता दीड.

तुम्हीही येणारी लिक पहिल्या मात्रेऐवजी दुसरीनंतर उचला. शेवटचा स्वर गाळा; ही शांतताच अवघड, बरं का! ‘ए’मधली पाचव्या पडद्यावरची मायनर पेंटॅटॉनिक लिक तीन पडदे खाली सरकवा, ती मेजर होऊन उजळते. ‘डी सेव्हन’ कॉर्ड आली, की परत पाचव्यावर या, कारण या कॉर्डवर मेजरमधला ‘सी शार्प’ खटकतो.