अंगावरचे सोने आणि गावावरचा दुष्काळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



दुष्काळ पडला की शेतकऱ्याच्या घरातून सर्वांत आधी बाहेर पडते ते बाईच्या अंगावरचे सोने. जमिनीला हात लागण्यापूर्वी, बैलाला बाजार दाखवण्यापूर्वी कानातले आणि गळ्यातले सराफाच्या दुकानात पोहोचलेले असते. बाई अधिक त्यागी असते म्हणून असे घडते, अशी आपली समजूत करून देण्यात आलेली आहे. खरे कारण त्याहून साधे आहे. सातबारावर नाव पुरुषाचे, घराच्या उताऱ्यावर नाव पुरुषाचे. बाईचे म्हणून जे काही असते ते तिच्या अंगावरच असते, आणि ते मोडायला तलाठ्याची नोंद लागत नाही की भावकीची संमती लागत नाही. म्हणून आपत्तीचा पहिला हप्ता तिच्याकडून वसूल होतो. मदतकार्याचा आणि स्त्रियांच्या संघटनेचा विचार करताना हा मालकीचा प्रश्न बाजूला ठेवला, तर उरते ती केवळ दानशूरतेची आरती.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी १९४९ पर्यंत त्यांचा बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखात निसर्गाची आणि नियोजनाची विषमता उघड्या डोळ्यांनी दिसते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष चांगले गेले म्हणतात. कोयनेचे पाणी वीज करून कोकणात उतरते, कृष्णाकाठी उसाचे मळे उभे राहतात, आणि माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतली माणसे पिढ्यान् पिढ्या बाहेरची वाट धरतात. मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या याच माणसांच्या घामावर चालल्या.

या माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा या मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाशजींच्या आंदोलनातून त्या घडल्या आणि विवाहानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या. बँकेचे निमित्त अगदी छोटे होते. रस्त्याकडेला पालात राहून लोखंडकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी ताडपत्री घेण्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. तिचे खाते उघडायला बँका तयार नव्हत्या. कर्ज नको, केवळ बचत करायची आहे, एवढी मागणीसुद्धा गरिबाच्या बाबतीत व्यवस्थेला परवडत नाही, हे त्यातून दिसले. तेव्हा बायांची स्वतःचीच बँक काढण्याचे ठरले. रिझर्व्ह बँकेकडे गेलेला पहिला अर्ज परत आला, कारण प्रवर्तक स्त्रियांनी सह्यांच्या जागी अंगठे उठवले होते. त्या बाया रडत बसल्या नाहीत. त्यांनी अक्षर गिरवले, काही महिन्यांनी पुन्हा अर्ज केला, आणि अधिकाऱ्यांसमोर असे आव्हान ठेवले की कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमची माणसे यंत्राला हात न लावता सांगतात का ते पाहा. परवाना मिळाला. तेराशेहून अधिक सभासदांनी जमवलेल्या सुमारे सात लाख रुपयांच्या भांडवलावर बँक सुरू झाली.

या बँकेची खरी कसोटी २०१२ च्या दुष्काळात लागली. पाऊस गेला, विहिरी आटल्या, चारा संपला. त्या दिवसांत एक शेतकरी स्त्री दागिने गहाण ठेवण्यासाठी आली. औषधपाणी, लग्नकार्य असले कोणतेच कारण नव्हते. जनावरांना चारा आणि पाणी हवे होते. बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहार सरळ होता. सोने ठेवा, पैसे न्या. परंतु पैसे घेऊन ती जाणार कोठे? चारा गावात नव्हताच, पाणी विकत मिळत नव्हते. ज्या भागात वस्तूच शिल्लक नाही तेथे कर्ज देणे म्हणजे बाईचे सोनेही घालवणे आणि जनावरही घालवणे. सभासदाच्या गोठ्यात पाणी नसताना आपली बँक कशाला आहे, हा प्रश्न तेथे उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरादाखल म्हसवडला जनावरांची छावणी सुरू झाली.

छावणी म्हणजे काय ते शहरातील मित्रांना सांगितले पाहिजे. मोकळ्या माळावर दावणी बांधायच्या, शेतकऱ्यांनी आपली जनावरे तेथे आणून बांधायची, चारा, पेंड आणि पाणी एका ठिकाणी पुरवायचे. जनावराबरोबर माणूसही येतो. घरटी एक बाई नाही तर एक म्हातारा त्याच माळावर पाल ठोकून राहतो. तेथेच चूल पेटते, तेथेच शेण गोळा होते, तेथेच ऊन आणि वारा सोसायचा. पाऊस येईल तोवर, म्हणून उघडलेली ती छावणी दीड वर्ष चालवावी लागली. बाहेरच्या देणगीदारांचे साह्य झाले, हे नमूद केले पाहिजे. परंतु हे साह्य ज्यांच्या हाती पडले त्या बायांची पंधरा वर्षांची संघटना होती, त्यांना हिशेब ठेवता येत होता, कोणत्या वाडीत कोणाची किती जनावरे हे त्यांना तोंडपाठ होते. पुढे २०१८ चा पावसाळा दगा देऊन गेला, तेव्हा सरकारी छावण्यांची वाट न पाहता जानेवारी २०१९ मध्ये म्हसवडची छावणी पुन्हा उभी राहिली. त्या वेळी सुमारे आठ हजार जनावरे तेथे दावणीला होती.

स्त्रियांनी आपत्तीत पुढे येणे या भूमीला नवे नाही. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले हिने १८७७ च्या दुष्काळात ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात उपाशी माणसांची आणि सत्यशोधकांच्या मदतकार्याची हकीकत आहे. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना तिला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी तिचा अंत झाला. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने एकामागून एक दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेच्या वटवृक्षाखाली बसताना त्या सोन्याची आठवण सर्वांना असते. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या माउलीला एकटीला का द्यावे लागले? जिल्ह्यात सोने अंगावर असलेल्या बाया थोड्या नव्हत्या. त्यांना एकत्र येण्याची जागाच नव्हती. एकटी बाई सर्वस्व देते तेव्हा ती वंदनीय होते. शंभर बाया थोडे थोडे देतात आणि ते कसे खर्च व्हावे हेही ठरवतात, तेव्हा एक सत्ता तयार होते. लक्ष्मीबाईंपासून म्हसवडपर्यंतचे अंतर हे असे मोजले पाहिजे.

सांगलीने या अंतरात आणखी एक पाऊल टाकले आहे, आणि ते सभ्य समाजाला अवघड वाटणारे आहे. १९९२ साली मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्राम ही संस्था सुरू केली. एड्सच्या साथीने तेव्हा लोकांच्या मनात धडकी भरवली होती आणि सगळा दोष गोकुळनगरसारख्या वस्त्यांवर लोटला जात होता. या वस्तीतील स्त्रियांना सुधारायचे, उचलायचे, वाचवायचे, अशीच मदतीची सर्वमान्य कल्पना होती. संग्रामने निराळा मार्ग धरला. निरोध वाटण्याचे आणि समजावून सांगण्याचे काम धंदा करणाऱ्या बायांनीच हाती घेतले. १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना झाली. तिचे नाव वेश्या अन्याय मुक्ती परिषद. आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणे, तेथे कोणी हिडीसफिडीस केली तर जाब विचारणे, घरच्यांनी टाकलेलीच्या उशाशी बसणे, ही सारी शुश्रूषा त्या बायांनी केली. ज्यांच्याकडे समाज केवळ दयेचा विषय म्हणून पाहत होता त्या दात्या झाल्या.

या संघटनेची कसोटी पैशाच्या बाबतीतही लागली. अमेरिकी सरकारच्या मदतीला त्या काळी अशी अट जोडलेली होती की मदत घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाविरुद्ध प्रतिज्ञेवर सही करावी. सही केली असती तर निधी मिळाला असता, पण ज्या बायांच्या बळावर काम उभे होते त्यांचाच कागदोपत्री धिक्कार झाला असता. २००५ साली संग्रामने ती मदत नाकारली. पैसा नाकारण्याचे हे बळ संघटनेतून आले. एकट्यादुकट्या गरजूला अट नाकारता येत नाही.

आता आपल्या मंडळींचे आक्षेप. पहिला आक्षेप असा की हे सारे मलमपट्टीचे राजकारण आहे. छावणीने दुष्काळ हटत नाही. हे खरेच आहे. परंतु दावणीचे जनावर खाटकाकडे गेल्यावर त्या कुटुंबाला पाणीवाटपाच्या मोर्चात आणणे किती अवघड जाते, ते पूर्व भागात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरा आक्षेप व्याजाचा. लघुकर्जाच्या खाजगी कंपन्यांनी आंध्रात काय केले ते २०१० साली देशाने पाहिले. म्हणूनच बँक कोणाची, नफा कोणाचा आणि वार्षिक सभेत हात कोण वर करतो, हे प्रश्न विचारत राहिले पाहिजे, सहकारी बँकेलाही विचारले पाहिजेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो फारसा कोणी घेत नाही. छावणीत येते ते गाय-बैल-म्हैसवाल्याचे घर. ज्याच्याकडे जनावरच नाही त्या भूमिहीन दलित बाईला छावणी काय देते? शेळ्यामेंढ्या घेऊन वणवण हिंडणाऱ्या धनगराच्या घराला काय देते? शेळी ही गरिबाची गाय, असे आपण म्हणतो. पण छावणीची मूळ कल्पना थोरल्या जनावरांभोवतीच बांधलेली आहे. बायांची संघटना झाली म्हणजे जातीची आणि जमिनीची उतरंड आपोआप मोडते, असा भ्रम कोणी बाळगू नये.

या आक्षेपाचे उत्तर दानाच्या मार्गावर सापडणार नाही. ते हक्काच्या मार्गावर आहे आणि तो मार्गही याच मुलखातून निघालेला आहे. मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांनी मांडली आणि १९६५ साली तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातील विसापूर भागात झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो बायामाणसे खडी फोडायला बसली, त्यांनी मोर्चे काढले, आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. २००५ साली केंद्राला देशासाठी कायदा करावा लागला. खडी फोडणाऱ्या बाईला त्या कायद्याने दान दिले नाही. तिचे येणे मान्य केले. छावणी आणि रोजगार हमी यांना एकमेकांचे वैरी समजण्याचे कारण नाही. संघटित मदत माणसाला गावात टिकवते. गावात टिकलेला माणूसच हक्क मागतो.

२०१९ या एकाच वर्षाने या दोन जिल्ह्यांना दोन्ही टोके दाखवली. उन्हाळ्यात माणची जनावरे छावणीत होती. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली, आणि ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची नाव उलटून माणसे बुडाली. त्यानंतर मदतीचा ओघ आला. कपड्यांचे ढीग लागले, ट्रक आले, छायाचित्रे निघाली. परंतु आपत्तीपूर्वीच जेथे बायांची बचत, यादी आणि बैठक असते तेथे मदत उंबऱ्यापर्यंत जाते, आणि जेथे ती नसते तेथे ती रस्त्याकडेच्या घरांत थबकते, हा मदतकार्याचा जुना अनुभव आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढच्या आपत्तीची वाट पाहू नये. प्रत्येक गावातील बचत गटाच्या बैठकीला सातबाराचे आणि घराचे उतारे घेऊन बसावे. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलार्जित मिळकतीत मुलींना बरोबरीचा हक्क दिला; तो किती उताऱ्यांवर उतरला आहे ते नावे वाचून पाहावे. घर दोघांच्या नावावर करण्याची तरतूद आहे, ती किती घरांत अमलात आली ते मोजावे. छावणीच्या आणि पूरमदतीच्या समित्यांवर बाया किती, त्यांत भूमिहीन किती, हे तहसीलदाराला लेखी विचारावे. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला घोषणा नाहीत आणि हारतुरेही नाहीत. पण पुढच्या दुष्काळात जेव्हा कोणी बाई गळ्यातले काढून हातात धरील, तेव्हा ते परत गळ्यात घालायला सांगण्याची ताकद या कंटाळवाण्या कामातूनच यायची आहे.