फिरत्या नळकांड्याची बंदूक

रिव्हॉल्व्हर निदान चित्रपटात तरी पाहिले नाही, असा मनुष्य विरळा. परंतु त्याच तत्त्वावर चालणारी छऱ्यांची बंदूक पाहिलेला मनुष्य मात्र सहसा आढळणार नाही. आणि त्याला कारणही तसेच आहे.

सॅम्युअल कोल्ट याने १८३६ साली अमेरिकेत फिरत्या नळकांड्याच्या शस्त्राचे पेटंट घेतले व पुढे त्याच रचनेच्या लांब बंदुकाही घडविल्या. नळकांडे फिरावयाचे म्हणजे ते आणि नळी यांच्यामध्ये बारीकशी फट राहणे आलेच. बार उडताच त्या फटीतून तप्त वायू आणि शिशाचे कण बाहेर पडत. पिस्तूल धरणाऱ्याचा हात फटीच्या मागे असतो. लांब बंदुकीला आधार देणारा डावा हात मात्र फटीच्या पुढे, नेमका त्या झोताच्या वाटेवर! त्यात एका घरातील ठिणगी शेजारच्या घरातील दारूत शिरली, तर अनेक बार एकदम उडत आणि मग त्या हाताची धडगत नसे. धातूच्या काडतुसांमुळे हे दुसरे संकट टळले. फट तेवढी उरली.

१९८० नंतरच्या दशकात जॉन अँडरसन या अमेरिकन संशोधकाने ‘पॅन्कोर जॅकहॅमर’ नामक बंदूक रचली. बारा बोअरची दहा काडतुसे मावणारे तिचे नळकांडे दस्त्यात, म्हणजे जवळजवळ नेमबाजाच्या गालाशीच होते. तेथे फट ठेवून कसे चालेल? अँडरसनने नळीच हलती केली. बार उडाला की वायूच्या जोराने नळी पुढे सरके, नळकांडे मोकळे होई, आणि त्यावरील नागमोडी खाचेत अडकलेला दांडा त्याला एक दशांश फेरा देई. मागे येणारी नळी पुन्हा घराच्या तोंडाशी घट्ट बसे. नागमोडी खाचेची युक्ती तशी जुनी. १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या जॉर्ज फॉसबेरी या अधिकाऱ्याच्या नावाच्या १९०१ सालच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरमध्ये ती होतीच.

रिकामी काडतुसे बाहेर न फेकता सबंध नळकांडेच बदलावयाचे, ही सोय खरी; पण गोळीबार सुरू असता दहा बारांनंतर ते अवजड भांडे काढून दुसरे बसविणे सोयीचे म्हणावे काय? कोणत्याही सैन्याने ही बंदूक स्वीकारली नाही. थोडे नमुने तेवढे तयार झाले. पुढे संगणकावरील खेळांत मात्र ती मनसोक्त चालली. तेथे फटीचे भय नव्हते.