आतडे, संसर्ग आणि अन्नावरची वासना
(स्वागताध्यक्षीय भाषण)



कापूस, ज्वारी आणि तुरीच्या या यवतमाळ जिल्ह्यात स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे. येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९पासून रुग्णसेवा आणि वैद्यकशिक्षण ही दोन्ही कामे करीत आले आहे. त्यामुळे संसर्ग, आतड्यातील जिवाणू आणि खाण्याचे विकार यांच्या परस्परसंबंधांचा विचार या भूमीत होणे सर्वथा उचित आहे.

झरी जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतील कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे, की पावसाळ्यातील हगवणीनंतर मूल जेवेनासे होते, न जेवल्याने त्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि खालावलेल्या शरीराला पुन्हा संसर्ग गाठतो. हे दुष्टचक्र नेव्हिन स्क्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रबंधात सविस्तर मांडले. पुढे २०१४मध्ये बांगलादेशातील मुलांच्या अभ्यासातून असे दिसले, की तीव्र कुपोषित बालकाच्या आतड्यातील जिवाणूसमूह, म्हणजे तेथे वस्तीला असलेल्या असंख्य सूक्ष्मजीवांचा समुदाय, त्याच्या वयाच्या मानाने अपरिपक्व राहतो आणि उपचारात्मक आहाराने झालेली त्याची सुधारणा टिकत नाही.

अन्नाची टंचाई नसतानाही जेवण नाकारणाऱ्या किशोरवयीन मुलींचा प्रश्न यापासून दूरचा वाटतो. परंतु तेथेही संसर्गाचा धागा आढळतो. डेन्मार्कमधील पाच लाखांहून अधिक मुलींच्या नोंदींवर आधारित २०१९च्या अभ्यासानुसार, संसर्गामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलींमध्ये ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’, म्हणजे वजन वाढण्याच्या भयाने अन्न टाळण्याचा आजार, होण्याची जोखीम २२ टक्क्यांनी, तर ‘बुलिमिया’, म्हणजे अनावर खाऊन ते उलटी वा अन्य उपायांनी काढून टाकण्याचा आजार, होण्याची जोखीम ३५ टक्क्यांनी अधिक आढळली. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. तथापि त्याची संभाव्य यंत्रणा शोधली जात आहे. फ्रान्समधील रुआँ येथील संशोधकांनी २०१४मध्ये दाखविले, की ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचे एक प्रथिन भूक शमविणाऱ्या संप्रेरकाशी साम्य राखते. तर २०२३मध्ये डॅनिश संशोधकांनी ॲनोरेक्सियाग्रस्त स्त्रियांच्या मलातील जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले, तेव्हा मर्यादित आहारावर ठेवलेल्या त्या उंदरांचे वजन अधिक घटले.

या निष्कर्षांमुळे मन, कुटुंब आणि समाज यांचे महत्त्व कमी होत नाही. मात्र न जेवणाऱ्या मुलीला हट्टी आणि तिच्या आईला निष्काळजी ठरविण्याची घाई अन्यायाची आहे, हे त्यांतून स्पष्ट होते. म्हणूनच ताप वा जुलाब थांबताच उपचार संपले असे न मानता पुढील काही महिने रुग्णाचे वजन आणि जेवण यांवर लक्ष ठेवले जावे, प्रतिजैविके गरजेपुरतीच दिली जावीत, पोडावरील शुद्ध पाणी हा वैद्यकीय उपचाराचाच भाग मानला जावा आणि बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांनी एकाच रुग्णाकडे एकत्र पाहावे, अशी स्वागत समितीची आग्रहाची अपेक्षा आहे.