टिटवीची नोंद, आपल्या नावानं



कर्जाचा प्रस्ताव, ग्रामसंघाचा ठराव, रेशनकार्डाचा अर्ज हे कागद आता आपल्या हातचे झाले आहेत. आज आम्ही एका वेगळ्या कागदाबद्दल बोलणार आहोत. पक्ष्यांचा अभ्यास छापणारी शास्त्रीय नियतकालिकं असतात. त्यांना जर्नल म्हणतात. आपल्या रानात पाहिलेली एखादी गोष्ट अशा जर्नलकडे आपल्या नावानं कशी पाठवायची, ते सांगायचं आहे.

"हे काम प्राध्यापकांचं, आपण कशाला त्यात पडायचं?" असं आमच्या गटाच्या बैठकीतही एकीनं विचारलं होतं. तिला आम्ही किहीमची गोष्ट सांगितली. अलिबागजवळच्या किहीम गावात १९३० साली सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचं निरीक्षण केलं. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती आणि पक्षिशास्त्राची विद्यापीठाची पदवीही नव्हती. नर किती घरटी बांधतो, मादी कोणतं घरटं पसंत करते, हे त्यांनी तासन् तास बघून लिहून ठेवलं. तो लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात. ही संस्था १८८३ साली मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी काढली आणि तिचं जर्नल १८८६ मध्ये सुरू झालं. 'इंडियन बर्ड्स' हे दुसरं एक जर्नल २००४ साली छोट्या वार्तापत्राच्या रूपानं सुरू झालं. ते आपल्या दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरचं लेखन छापतं. अशा ठिकाणी हौशी माणसांच्या टिपणांनाही जागा असते. लेखकाच्या पदवीपेक्षा नोंद किती पक्की आहे, ते बघितलं जातं.

आणि नोंदी कोण ठेवतं? आपणच की. गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नियमित लेखे. ज्या बाईला महिन्याच्या महिन्याला दहा जणींचा हिशेब रुपयाचाही फरक न पडू देता लिहिता येतो, तिला टिटवीची वही जड नाही.

आमची वही टिटवीचीच आहे. आमच्या माणदेशात टिटवीबद्दल दोन गोष्टी ऐकतच आपण मोठ्या झालो. रात्री टिटवी ओरडली की काही तरी वाईट होणार, ही एक. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला आणि ओढ्याच्या पात्रात घातली तर कमी, ही दुसरी. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असंही जुन्या बायका सांगतात. पहिल्या गोष्टीचं उत्तर सोपं आहे. टिटवी रात्रीही जागी असते. कुत्रं, कोल्हा, माणूस, कुणीही घरट्याजवळ आलं की ती कालवा करते. अंड्यांच्या संख्येचंही तसंच आहे. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, दुष्काळ असो की सुकाळ. त्यामुळं अंड्यांवरून पावसाचे महिने मोजता येत नाहीत.

उंचीचं मात्र तपासून बघण्यासारखं आहे, असं आम्हाला वाटलं. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आमच्या बायका शेळ्यांमागं, सरपणाला, खुरपणीला माळावर असतात. घरटी दिसतातच. ती लिहून का ठेवू नयेत? म्हणून वही घातली. तारीख, वेळ, कुणी पाहिलं, जागा कोणती, जवळच्या ओढ्यापासून किंवा तलावाच्या पाण्यापासून ती साधारण किती उंच, अंडी किती, हे रकाने आखले. वर्षाच्या शेवटी आपल्या महसूल मंडळात किती पाऊस झाला, तो आकडा तलाठी कार्यालयातून घेऊन लिहायचा. दोन हंगाम झाले, आता तिसरा चालू आहे. तो संपला की टिपण पाठवायचं ठरलं आहे.

आता तुम्हाला पाठवायचं असेल तर काय काय लागतं, ते क्रमानं सांगतो.

आधी जुनं छापलेलं बघायचं. आपण पाहिलेलं कुणी आधीच लिहिलं आहे का? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे कितीतरी जुने खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. 'इंडियन बर्ड्स'चे अंकही तसेच मिळतात. इंग्रजी आहे, पण घरात कॉलेजला जाणारी लेकरं असतातच, त्यांना बसवा. टिटवीनं घराच्या गच्चीवर किंवा रेल्वेच्या खडीत घरटं केल्याचं आधीच छापलेलं आहे, ते आम्हाला असंच कळलं.

दुसरं, पक्षी नेमका कोणता ते पक्कं करायचं. आपल्या माळावर टिटव्या दोन आहेत. एकीच्या डोळ्यापुढं लाल कातडी असते आणि छाती काळी असते. दुसरीची कातडी पिवळी, डोक्यावर काळी टोपी, अंग मातकट. गावोगावी नावं बदलतात, म्हणून जर्नलला शास्त्रीय नाव लागतं. लाल कातडीची ती व्हॅनेलस इंडिकस, पिवळीची व्हॅनेलस मालाबारिकस. मराठी नावं अडली तर मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश वाचनालयात मागा.

तिसरं, पुरावा. फोटो लांबूनच काढायचा. घरट्यापाशी वाकून फोटो काढला की टिटवी उठते, उन्हात अंडी तापतात आणि कावळ्याला जागा कळते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार रानपक्ष्यांची अंडी उचलणं, घरटं मोडणं हा गुन्हा आहे. अभ्यासासाठी म्हणूनही अंड्याला हात लावायचा नाही. आणि एखादा दुर्मीळ पक्षी घरटं करत असेल तर त्याची नेमकी जागा छापू नका, अशी विनंती संपादकांना करायची. नाही तर लेख छापून येतो आणि मागोमाग गर्दी येते.

चौथं, लिहिणं. टिपण लहान चालतं. कुठं पाहिलं, कधी पाहिलं, कसं पाहिलं, काय दिसलं, त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही. एवढं साध्या वाक्यांत आलं पाहिजे. शेवटी ज्या जुन्या लेखांचा आधार घेतला त्यांची यादी आणि मदत करणाऱ्यांचे आभार. प्रत्येक जर्नलच्या लेखकांसाठी सूचना असतात. बँकेचा फॉर्म भरण्याआधी मागची पानं वाचतो ना, तशा त्या वाचायच्या. फोटो लेखातच चिकटवायचे की वेगळे पाठवायचे, तारीख कशी लिहायची, हेसुद्धा त्यात असतं.

पाचवं, एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचं. तिकडून उत्तर आल्याशिवाय दुसरीकडे नाही. सोबतच्या पत्रात लिहायचं की हा लेख आधी कुठं छापलेला नाही आणि ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती आहे.

मग संपादक तो लेख जाणकारांकडे वाचायला पाठवतात. ते प्रश्न काढतात. उंची कशी मोजली? एकच घरटं दोनदा मोजलं नाही कशावरून? असे प्रश्न आले म्हणजे आपला अपमान झाला, असं समजायचं नाही. कर्जाच्या फाईलला त्रुटी निघाली की आपण कागद पुरा करतो, तसंच हे. प्रत्येक प्रश्नाला क्रमानं उत्तर द्यायचं. जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहायचं. यात महिने जातात.

आणि मैत्रिणींनो, पैशाचं ऐका. "अमुक हजार भरा, आठवड्यात छापून देतो" असा निरोप आला तर गटाचा एक रुपया काढू नका. काही चांगली नियतकालिकंही शुल्क घेतात, पण ती आधी लेख तपासतात आणि शुल्क उघड सांगतात. न वाचताच छापतो म्हणणाऱ्याच्या पानावर आपलं नाव नको.

नोंद खरी असणं एवढं का महत्त्वाचं, त्यासाठी खानदेशातल्या रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. हे छोटं घुबड १८८० च्या दशकात शहादा, तळोदा भागात मिळाल्याच्या नोंदी होत्या. पुढं ११३ वर्षं ते कुणाला खात्रीनं दिसलं नाही. मधल्या काळात माइनर्ट्झहागेन नावाच्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं, हा पक्षी आपल्याला १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला, असा दावा केला होता. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना निघाला, त्याच्यावरची चिठ्ठी खोटी होती. मग रासमुसेन आणि त्यांचे साथीदार खऱ्या जुन्या नोंदींच्या जागी शोधायला निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. खोट्या नोंदीनं माणसं भलतीकडं जातात. शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या नोंदीनं पक्षी सापडतो.

म्हणूनच आमच्या टिपणात आम्ही म्हणीच्या बाजूनं वाढवून लिहिणार नाही आणि विरोधातही लिहिणार नाही. तीन हंगामांत पावसाचं काही सिद्ध होत नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की पात्रातच मोकळी जागा मिळते, तेव्हा टिटवी तिथं बसते, हेही त्यात आहे. तेवढंच मांडायचं. पुढं दुसऱ्या गावच्या बायकांनी अशाच नोंदी ठेवल्या, तर दहा वर्षांनी कुणाला तरी खरं उत्तर देता येईल.

आता नावाचा प्रश्न. आमच्या गटात यावरच सगळ्यात जास्त बोलणं झालं. काही वर्षांपूर्वी शहरातून एक अभ्यासक आले होते. आमच्या बायकांनी चार दिवस त्यांना माळ फिरवून दाखवला, घरटी दाखवली. छापून आलं तेव्हा "स्थानिक महिलांचे आभार" एवढी एक ओळ होती. कुणाचंच नाव नव्हतं. ते मनाला लागलं.

म्हणून या वेळी बैठकीत विषयच घेतला. घरटी सगळ्यात जास्त सापडतात ती आमच्या एका आत्यांना. त्यांचं निम्मं आयुष्य शेळ्यांमागं माळावर गेलं आहे. त्या अंगठा देतात. वही लिहिते ती बारावीतली मुलगी. इंग्रजी करून देणार आहेत त्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मॅडम. मग लेखक कोण? कुणी म्हणालं, गटाचंच नाव घाला. पण लेखात काही विचारलं गेलं तर उत्तर द्यायला माणूस लागतो, म्हणून माणसांची नावं असलेली बरी. शेवटी असं ठरलं की जिनं पाहिलं, जिनं लिहिलं आणि जी विचारल्यावर सांगू शकते, ती लेखक. एखाद्या वेळी मदत करणाऱ्यांचे नाव घेऊन आभार. मॅडमनी स्वतःच सांगितलं, "माझं नाव आभारात घाला, पाहिलं तुम्ही." आत्यांचं नाव पहिलं.

अट एकच ठेवली. ज्यांची नावं आहेत त्यांना पूर्ण लेख मराठीत वाचून दाखवायचा आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय पाठवायचा नाही. मसुदा वाचत होतो तेव्हा "घरटं रिकामं आढळलं" या वाक्यावर आत्यांनी हात वर केला. "रिकामं म्हंजी काय? पिल्लं निघून गेली का कुत्र्यानं अंडी खाल्ली, त्ये लिवा की. मी दुसऱ्या दिशी वढ्याकडं पिल्लं बघितली हायती." टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात चालायला लागतात, घरट्यात बसून राहत नाहीत. रिकाम्या घरट्याचे दोन अर्थ होतात आणि त्यातला कोणता खरा, हे फक्त आत्यांना माहीत होतं. ती ओळ त्यांच्या शब्दांवरून वाढवली. अंगठा देणाऱ्या बाईला लेखक का म्हणायचं, असं विचारणाऱ्यांना आम्ही आता हीच ओळ दाखवतो.

आणखी एक. ज्या माळावर ही घरटी आहेत, त्याला कागदोपत्री पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की तिथं काहीच नाही, असं धरून चालतात. तिथं कोणत्या महिन्यात कोणता पक्षी अंडी घालतो, हे तारखेनिशी छापलेलं असलं, तर उद्या त्या माळाबद्दल ग्रामसभेत काही ठरताना आपल्या हातात एक कागद असेल. तेवढ्यानं माळ वाचेलच असं नाही, पण रिकाम्या हातानं बोलावं लागणार नाही.

आमचं टिपण स्वीकारलं जाईल की परत येईल, ते जर्नल ठरवेल. परत आलं तर दुरुस्त करून पुन्हा पाठवू. तुमच्या गटानं या बैठकीत एक शंभर पानी वही घ्यावी. टिटवी नको असेल तर चिमणी घ्या, सुगरण घ्या, तलावावरचे बगळे घ्या. पहिल्या पानावर रकाने आखा, आणि पाहणारीच्या नावाचा रकाना विसरू नका.